खिळा माझ्या टेबलाचा नव्हता

लाकूड घाण असतं, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते टाय बांधलेल्या एका माणसानं. अंबाजोगाईत, महारुद्रअप्पांच्या बेकरीत, मी माझ्या हातानं रंधा मारून केलेल्या टेबलावर आपली बॅग ठेवून. ती बॅग एसटीच्या टपावर बसून सगळ्या रस्त्याची धूळ खात आली होती. ती मैद्याच्या टेबलावर चालते, टेबल मात्र घाण! "लाकडात जंतू राहतात," असं म्हणून त्यानं बोटानं फळी टोकरली आणि बोट रुमालाला पुसलं. बोटाला काहीही लागलेलं नव्हतं. तो रुमाल बघून माझं डोकं जे फिरलं, ते इतक्या वर्षांनी या अंकासाठी लिहायला बसल्यावर पुन्हा फिरलं आहे. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं, मी रागात लिहितोय.

मी सुतार. दारं, खिडक्या, देव्हारे, बैलगाडीची जोखडं, सगळं केलं. पण लोक मला ‘बेकरीवाला मिस्तरी’ म्हणायचे, कारण आमच्या भागातल्या बऱ्याच बेकऱ्यांत पीठ मळायचं टेबल माझ्या हातचं होतं. टेबल म्हटलं की लोकांना वाटतं, चार पाय आणि वर फळी, त्यात काय एवढं? आपल्या घरात भाकरी थापायची काठवट असते ना, तिच्याच घराण्यातलं हे. फक्त आठ फूट लांब, तीन फूट रुंद, आणि दिवसभर त्यावर दोन-दोन माणसं अंगाचा जोर काढणार.

लाकूड शिवणीचं. सागाला लोक मान देतात, पण सागात तेल असतं, ते मैद्याला वास देतं. बाभूळ चिवट, पण रुंद फळीला उन्हाळ्यात तडे जातात, म्हणून बाभळीचे फक्त पाय. शिवण पांढरट, बिनवासाची, वाळली की जागची हलत नाही. फळी दोन इंच जाड. एका फळीच्या कडेला जीभ, दुसरीच्या कडेला खाच, अशा एकमेकींत घट्ट बसवायच्या. खालून आडव्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या बाभळीच्या लाकडी मेखांनी ठोकायच्या. सगळ्या टेबलात लोखंडाचा एक खिळा नाही. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढं सगळं महाभारत याच्यावरच झालं. एक खिळा नाही.

उंचीचं माप टेपनं घ्यायचं नाही. जो माणूस मळणार त्याला ताठ उभं करायचं, हात खाली सोडायला लावायचा आणि मूठ मिटायला सांगायचं. मुठीची पेरं जिथं येतील तिथं फळी. टेबल उंच झालं तर खांदे भरून येतात, बुटकं झालं तर कंबर जाते. अप्पांच्या बेकरीतलं टेबल मी करीमउस्तादांच्या मुठीला लावून केलं होतं. उस्ताद उदगीरकडचे. उंचीनं कमी, मनगटं मात्र पैलवानाची. पाव, खारी, टोस्ट, नानकटाई, सगळी बेकरी त्यांच्या हातावर चालायची. अप्पा गल्ल्यावर कपाळाला भस्म लावून बसायचे आणि येईल त्याला सांगायचे, "बेकरी माझी हाय, पण चव उस्तादाची."

उस्तादांची एक रीत होती. नवीन टेबल आलं की त्यावर मळलेल्या पिठाचा पहिला पाव मिस्तरीनं खायचा. कोरडा. चहा नाही, लोणी नाही. उस्ताद समोर उभे राहून बघायचे आणि विचारायचे, "बोल मिस्तरी, लकडी का बास आताय क्या?" वास येत असेल तर मिस्तरीनं टेबल उचलून परत न्यायचं. पहिल्यांदा मी म्हणालो, "उस्ताद, तुमीच खाऊन बघा की. मी कशाला माझ्या मालाला नावं ठेवीन?" तर म्हणाले, "जिसने बनाया वोच बोलना." ज्यानं केलं त्यानंच सांगायचं. रोटी तोंडात असताना माणूस खोटं बोलत नाही, असा त्यांचा हिशेब. पुढं मी ही रीत सगळीकडे पाळली. कुठल्याही बेकरीत टेबल दिलं की पहिला पाव मी मागून घ्यायचो.

या रितीनं मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. दिंद्रुडकडचे एक मोठे बागायतदार, शेती झाली, राजकारण झालं, आता बेकरी काढायची म्हणाले. त्यांच्या बांधावरचा कडुलिंब नुकताच पडला होता. म्हणाले, "मिस्तरी, टेबल लिंबाचंच करायचं. लिंबानं जंतू मरतेत. टीव्हीवर दाखवतेत ते, बघत न्हाईस का बे?"

मी म्हणालो, "मालक, लिंब दातवणाला ठीक हाय. ह्ये लाकूड अजून ओलं हाय, पीठ कडू होईल."

"तू मिस्तरी हाईस का डॉक्टर?"

झालं. केलं लिंबाचं. पहिला पाव मी खाल्ला, चारचौघांत, आणि माझं तोंड असं झालं की शेजारचे हसायला लागले. मालकांनीही खाल्ला. कसाबसा गिळला. मग म्हणाले, "औषधी हाय." आठवडाभर त्यांनी त्या टेबलावरचे पाव-टोस्ट खरंच औषधी म्हणून वाटले. शेवटी त्यांच्या शेळ्यांनीही तोंड फिरवलं, तेव्हा टेबल गोठ्यात गेलं आणि त्यांनी निमूटपणे शिवणीचं करून घेतलं. त्या माणसाचा मला राग नाही. त्यानं आपल्या चुकीची चव स्वतःच्या जिभेवर घेतली. पुढं ज्यांच्याशी गाठ पडली त्यांच्यात तेवढंही नव्हतं.

नव्वदनंतर हवा बदलली. घरांवर डिशच्या छत्र्या आल्या, टीव्हीवर रोज नवीन काहीतरी खायला सांगू लागले. मोठ्या शहरातला पाव टेम्पोनं यायला लागला, प्लास्टिकच्या पिशवीत, वर चित्र छापलेलं, प्रत्येक तुकडा एकाच मापाचा. कॉलेजची पोरं तो घ्यायला लागली. खाऊन बघा म्हटलं तर कापसासारखा, पण पिशवी चकचकीत ना! अप्पा तेव्हा थकले होते. गल्ल्यावर त्यांचा मुलगा राजेश बसू लागला. पुण्याला शिकून आलेला, वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. आपल्या बेकरीला कुणी गावठी म्हणेल या भीतीनं त्याला रोज नवीन काहीतरी सुचायचं. त्यानं पुढची भिंत पाडून काच लावली, म्हणजे गिऱ्हाइकाला आतलं दिसावं. आणि आतलं दिसायला लागल्यावर आतलं लाकूड त्याला लाजिरवाणं वाटायला लागलं. अशा वेळी तो टायवाला आला. मशिनं विकणारा. बॅगवाला. त्यानं राजेशच्या डोक्यात भरवलं की आता सगळं गुळगुळीत पाहिजे, पुढं तपासणीला माणसं येतील ती लाकूड बघून लायसन काढून घेतील.

मी तिथंच होतो. मी म्हणालो, "साहेब, तुमी कदी पीठ मळलंय का?" त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

लाकूड का, ते मी त्याला सांगणार होतो, ते आता इथं सांगतो. लाकूड पिठातला जादा ओलावा पिऊन घेतं, म्हणून पीठ चिकटत नाही. थंडीत पोलाद गार पडतं आणि पीठ आखडतं, लाकूड ऊब धरून ठेवतं. आणि लाकूड धुवायचंच नसतं. काम संपलं की लोखंडी पत्तीनं फळी खरवडायची, अंगात असेल तेवढा जोर लावून, मग कोरडा कोंडा घासायचा. वर्षातून एकदा, ईदला भट्टी थंड असते तेव्हा, मी जाऊन वरून पातळ रंधा मारायचो. खालून नवीकोरी फळी निघायची. उस्तादांच्या घरून माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा यायचा. इतकी वर्षं त्या बेकरीतला पाव खाऊन कुणाचं पोट दुखल्याचं मी ऐकलं नाही.

पुढच्या ईदला रंधा घेऊन गेलो तर टेबल मला ओळखूच येईना. वरून पांढरा चकचकीत मायका चिकटवलेला. किचनच्या ओट्यावर, कपाटावर लावतात तो तक्ता, सोल्युशननं चिकटवायचा. चारी कडांना ॲल्युमिनियमची पट्टी, आणि ती पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकलेली. माझ्या टेबलात! जिथं मी एक खिळा शिरू दिला नव्हता तिथं कुठल्यातरी फर्निचरवाल्यानं वीतभर अंतरावर खिळे मारले होते. मला साधं विचारलंही नव्हतं. ईद असूनही उस्ताद तिथंच होते, राजेशनं त्या वर्षी भट्टी बंद ठेवली नव्हती. म्हणाले, "दुल्हे जैसा सजाये देख." हसले, पण हात चालेना. पीठ त्या मायक्याला चिकटत होतं, ते दुप्पट मैदा भुरभुरत होते. आणि सवयीनं, इतक्या वर्षांच्या सवयीनं, पत्ती दाबून मारत होते.

आता मी जे सांगणार आहे ते मी घरातही फारसं बोललेलो नाही. त्या दिवशी मी बघितलं की पत्ती कडेला गेली की पट्टीखाली अडकते आहे. एका कोपऱ्यात पट्टी केसभर उचललेली होती. सुताराचा डोळा, चुकणार कसा? अशीच पत्ती चालली तर खिळे एकेक करून सैल होणार हे मला तिथंच समजलं. एक वाक्य बोलायचं होतं. ‘उस्ताद, कडेला हात हलका ठेवा.’ पण माझा अपमान झाला होता ना! राजेश काचेपलीकडून म्हणाला, "मिस्तरी, आता रंध्याचं काम न्हाई राहिलं." मी रंधा पिशवीत घातला आणि म्हणालो, "बघून घ्या तुमचं तुमी." आणि तरातरा निघून आलो. वाटेत मनात म्हणालो, बिघडू दे, मग येतील पाय धरायला.

बिघडलंच. पावसाळा सरला असेल नसेल, एका निवृत्त गुरुजींच्या पावात खिळा निघाला. दात तुटला. गुरुजी शांत माणूस, त्यांनी आरडाओरडा केला नाही. अर्धा पाव, खिळा आणि दात कागदात बांधून आणले आणि गल्ल्यावर ठेवले. पण अंबाजोगाईत गोष्ट कागदात राहते होय? तासाभरात दुकानासमोर माणसं जमली. आणि राजेश त्यांना काय म्हणाला? "जुनं लाकडी टेबल हाय खाली, मिस्तरीनं केलेलं. त्याचाच खिळा निघाला असंल."

चहाच्या टपरीवर मला हे कळलं तेव्हा मी हातातला कप तसाच ठेवला. नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. पण अंगणात स्वतः खड्डे खणायचे आणि अंगण सारवणाऱ्याला दोष द्यायचा, हे नवीन होतं. पटाशी, हातोडी, पकड घेतली आणि बेकरीत शिरलो. कुणाला विचारलं नाही. सगळ्यांच्या देखत टेबलावरचं सामान बाजूला केलं आणि गुरुजींना आत बोलावलं.

"गुरुजी, खिळा दावा." त्यांनी दाखवला. मी पट्टीचा एक खिळा पकडीनं उपटला आणि शेजारी ठेवला. सारखाच. पट्टीच्या एका कोपऱ्यात तीन खिळ्यांच्या जागा रिकाम्या होत्या, त्याही दाखवल्या. मग दोघांना हात लावायला सांगून टेबल आडवं केलं. खालची बाजू सगळ्यांना दिसली. जीभ, खाच, लाकडी मेखा. "कुणीबी या," मी ओरडलो, "आन् ह्यात लोखंड शोधून दावा. घावलं तर मी हत्यारं विकून टाकतो!"

दोन-तीन जण खरंच वाकले. एकानं पळत जाऊन चुंबक आणला, तोही फिरवून बघितला. खालून कुठेच चिकटला नाही. गुरुजी म्हणाले, "खरं आहे. टेबल निर्दोष आहे." माणसांत ‘वा मिस्तरी’ झालं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. छाती फुगली. राजेशचं तोंड उतरलं होतं आणि ते मी डोळे भरून बघत होतो.

मग राजेशनं तोंड वर केलं. "मग पट्टी उचकटली कुणी? हिथं पत्ती कोण मारतं?"

सगळ्यांनी वळून बघितलं. उस्ताद भट्टीजवळ उभे होते आणि पत्ती त्यांच्या हातात होती.

मी ओरडायला हवं होतं. अरे, ज्यानं लाकडावर मायका ठोकला त्याला विचारा! ज्याच्या सांगण्यावरून ठोकला त्या टायवाल्याला शोधा! आयुष्यभर ज्या हाताला ‘जोर लाव’ शिकवलं त्या हाताला ‘हळू’ म्हणून कुणी सांगितलं का? आणि ज्याला दिसलं होतं तो मिस्तरी का गप्प बसला, हेही विचारा! एवढं सगळं माझ्या तोंडात होतं. आत्ताच घसा फोडून ओरडलेला मी, त्या क्षणी माझं तोंड उघडलं नाही. माझं टेबल सुटलं होतं. शेवटचा प्रश्न माझ्यावर आला असता, तेवढ्यासाठी मी आधीचे सगळे प्रश्न गिळले.

उस्तादांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग पत्ती कोंड्यानं पुसली, भिंतीला टांगली, फडकं झटकून खांद्यावर टाकलं. अप्पा आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे होते. उस्ताद त्यांना म्हणाले, "अप्पा, चलताऊं." अप्पांनी भिंतीकडं तोंड केलं. ‘चव उस्तादाची’ म्हणणाऱ्या माणसानं! पण मी कुठल्या तोंडानं त्यांना नावं ठेवू? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी तिथं हातात हातोडी घेऊन बघितली.

आठवड्यात पोलादी टेबल आलं. माझं टेबल मागच्या अंगणात फेकलं होतं. राजेश म्हणाला, "भट्टीत जाळायला ठेवलंय. पायजे तर घेऊन जा." मी हातगाड्यावर घालून आणलं. बरेच दिवस ते माझ्या कारखान्यात भिंतीला टेकून उभं होतं आणि मी त्याच्याकडं पाठ करून काम करत होतो.

मग कळलं की उस्तादांनी चौसाळ्याला, हायवेच्या कडेला, पत्र्याची शेड घेतली आहे. छोटी भट्टी घातली आहे आणि पीठ विटांवर ठेवलेल्या शहाबादी फरशीवर मळतात. फरशी गुडघ्याच्या जरा वर. या वयात त्यांच्या कमरेचं काय होत असेल ते मला डोळ्यांपुढं दिसलं.

दुसऱ्या दिवशी टेबल खाली घेतलं. मायका सोलला. खालची फळी सोल्युशन पिऊन पिवळी पडली होती, वास जाईना. थोडा रंधा मारून बघितला, उपयोग नाही. मग मेखा ठोकून बाहेर काढल्या, आडव्या पट्ट्या सोडवल्या आणि सगळा माथाच उलटा केला. खालची बाजू वर. ती बाजू इतकी वर्षं कुणी वापरलीच नव्हती, कोरीच होती. मेखांची जुनी भोकं शिवणीच्याच गुट्ट्यांनी बुजवली, खिळे मारलेल्या कडा छाटून टाकल्या आणि रंधा मारला. खिळ्यांनी केलेलं टेबल असतं तर हे जमलं नसतं. रंधताना मला तो टायवाला आठवत होता आणि मी त्याला मोठमोठ्यानं शिव्या देत होतो. बायको म्हणाली, "कावून ओरडायलात? हितं हाय तरी कोन?" मी म्हणालो, काही नाही. हल्ली माझा पुतण्या सांगतो, पुण्यामुंबईच्या मोठ्या बेकऱ्यांत आता काचेआड लाकडी टेबल मुद्दाम मांडतात, लोकांनी बघावं म्हणून. ऐकून हसावं की रडावं! पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं.

टेम्पोत घालून चौसाळ्याला गेलो. उस्तादांनी टेबल उतरवून घेतलं. टेबलाजवळ उभे राहिले, हात सोडला, मूठ मिटली. पेरं बरोबर फळीला टेकली. मग त्यांनी पीठ घेतलं. मी शेडच्या दारात पोत्यावर बसून राहिलो. रस्त्यानं ट्रक जात होते, आणि आत पीठ आपटल्याचा आवाज येत होता, लाकडावर आपटल्याचा.

पाव निघाला. उस्तादांनी पहिला माझ्यापुढं धरला. कोरडा. मी हात पुढं केला नाही. म्हणालो, "उस्ताद, त्या दिवशी मी..."

"पहले खा," ते म्हणाले. "बोल, बास आताय क्या?"

मी खाल्ला. सावकाश चावला, नाकानं श्वास घेऊन बघितला, पुन्हा चावला. सोल्युशन नाही, लोखंड नाही, लाकूडही नाही. फक्त पाव. "न्हाई," मी म्हणालो. "अजिबात न्हाई."

उस्तादांनी मान हलवली आणि पत्ती उचलली. अंगात होता तेवढा जोर लावून फळी या कडेपासून त्या कडेपर्यंत खरवडली. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले, "टेबल को बास नई मिस्तरी. तेरा तू देख ले."

मी उरलेला पाव हातात घेऊन बाहेर आलो. टेम्पोवाला म्हणाला, चहा घेऊ, त्यात बुडवून खा. मी तो कोरडाच खाल्ला.